चुन्याची पकड

सकाळी संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या आवारात सावलीला बसा. श्वास सावकाश होऊ द्या. समोर नुसतं पाहा. घुमट संगमरवरी, पायथ्याकडचा भागही. मधला बराचसा पांढरेपणा मात्र काळ्या दगडावर चढवलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे. 1657 साली औरंगजेबाच्या बेगम दिलरास बानू गेल्या, त्यांच्यासाठी हे उभं राहिलं. चुना तेव्हापासून दगडाला धरून आहे. त्या धरून राहण्यावर मन टेकवा.

आता डोळे मिटा आणि समुद्र आठवा. संभाजीनगरहून तो लांब आहे, घाई नको. खडकाच्या कपारीत काट्यांचा एक गोळा दिसेल, सी-अर्चिन. त्याचं अंडं जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. फळलं की एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दर वेळी भेग पडते, तरी कुणी दूर जात नाही. बाहेरून हायलिन नावाच्या प्रथिनाचा पारदर्शक थर सगळ्यांना कवेत घेतो. पेशीपेशींमध्ये कॅडहेरिन हे प्रथिन बोटांत बोटं घालावीत तसं गुंततं. तुमच्या तळहाताच्या कातडीतही ते आत्ता हेच करतं आहे. जरा तळहाताकडे लक्ष न्या.

या दोन्ही पकडींना कॅल्शियम लागतं. 1900 साली कुर्ट हेर्ब्स्ट यांनी कॅल्शियम काढलेल्या समुद्राच्या पाण्यात हे भ्रूण ठेवले. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात कॅल्शियमसाठी जो जर्मन शब्द आहे, त्याचा साधा अर्थ चुना. पेशी सुट्या झाल्या. मेल्या नाहीत, एकेकट्या विभागत राहिल्या. इथे मी दर वेळी थांबतो. तुम्हीही थांबा. पाणी तेच, पेशी त्याच, फक्त चुना नाही.

पुन्हा चुना असलेल्या पाण्यात या. सोळा पेशी झाल्या, त्यांतल्या तळाच्या चार अगदी लहान. पुढे भ्रूण पोकळ चेंडूसारखा होतो, तेव्हा या चौघींच्या काही लेकी शेजारणींचा हात सोडतात. कॅडहेरिन मागे घेतात, हायलिनपासून सुटतात, आतल्या पोकळीत उतरतात आणि तिथल्या अस्तराला धरतात. या सुटण्यात तुटणं नाही. हळूहळू त्या कडं करतात, आणि पाण्यातलं कॅल्शियम वेचून अळीचा सांगाडा बांधायला घेतात: कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन तीनटोकी काड्या.

डोळे उघडा. समोरचा गिलावाही हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत पीत तेच झाला आहे.