आतच होतं की!



आजचं वाचन : गीतेचा पंधरावा अध्याय, श्लोक पंधरावा.

अर्थ थोडक्यात असा. मी सगळ्यांच्या हृदयात येऊन बसलोय, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आठवण होणं, ज्ञान होणं आणि या दोन्हींचा विसर पडणं, हे तिन्ही आपल्यामुळंच होतं, असंही सांगतात.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा अध्याय लहानपणी जेवणाआधी म्हटला असेल. वीसच श्लोक. समोर ताटात आमटी निवत असायची, त्यामुळे पंधराव्या श्लोकापर्यंत आमची गाडी सुसाट सुटलेली असायची. मी तो हजार वेळा तरी म्हटला असेन, पण थांबलो कधीच नाही. गेल्या शनिवारी थांबावं लागलं.

झालं असं की, राजारामपुरीतून नवीन लॅपटॉप आणला. रात्री जेवणं झाल्यावर सेटिंग करत बसलो. विंडोज ११ मी ऑफिसमध्ये रोज वापरतो, त्यामुळे यात नवीन काय असणार, असा तोरा होताच. मग एकेक सापडायला लागलं. विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टींची यादी समोर येते. विंडोज आणि एच दाबलं की आपण बोलू ते टाइप होतं. भाषेच्या यादीत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, तो तर २०१९ पासून विंडोजमध्येच आहे आणि मी अजून इकडूनतिकडून टूल शोधत होतो!

तेवढ्यात चुकून विंडोज आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबलं गेलं आणि स्क्रीनवरची अक्षरं भलीमोठी झाली. मॅग्निफायर. म्हणजे भिंग.

मागं खुर्चीत आबा ज्ञानेश्वरी उघडून बसले होते. ते एकदम म्हणाले, "अरे, हे मला दिसतंय की!"

मी हसत म्हटलं, "आबा, म्हणजे बाकीचं दिसत नाही काय?"

आबा काहीच बोलले नाहीत. पोथी मिटली आणि मांडीवर ठेवली.

मग हळूहळू कळलं. गेलं वर्षभर आबांना पोथीतली अक्षरं नीट दिसत नव्हती. रोज सकाळी ते पोथी उघडून बसायचे, ओव्या पाठ आहेत त्या म्हणायचे आणि अंदाजानं पानं उलटायचे. घरच्यांना काळजी नको म्हणून. एकदा त्यांनी दोन पानं एकदम उलटली होती, तेव्हा मी "आबा, आज फास्ट फॉरवर्ड काय?" म्हणून चेष्टा केली होती. आबाही हसले होते. ते हसणं आता आठवलं की घास उतरत नाही.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. औषधाच्या थेंबांनी पुढचं नुकसान रोखायचा प्रयत्न करता येतो, पण गेलेली नजर परत येत नाही.

आता यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट सांगतो. हे भिंग नवीन लॅपटॉपमुळं आलेलं नाही. मायक्रोसॉफ्टनं ते विंडोज ९८ मध्येच दिलं होतं. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा आबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता, त्यातही ते होतं. जुन्या लॅपटॉपमध्ये होतं. पहिल्या दिवसापासून आत होतं, मी कधी बघितलं नाही. आणि आबा? ते तर त्याच खोलीत, माझ्या पाठीमागं चार फुटांवर होते.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "आबा, सांगायचं होतं की हो."

आबा म्हणाले, "तू बसतोस कुठं माझ्याजवळ? मशीनजवळ बसतोस."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रात्री पुन्हा हा श्लोक काढला. देव हृदयात आहे, हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. पण "आहे" हे माहीत असणं वेगळं आणि तिकडं वळणं वेगळं. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचंच बघा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. मंदिर बांधणाऱ्यांनी ही सोय शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवली. तरी एखाद्या वर्षी किरणं पोचत नाहीत. तेव्हा सूर्य चुकलेला नसतो आणि मंदिरही हललेलं नसतं. मध्ये ढग येतात, नाहीतर वाटेतल्या इमारती येतात. साधना म्हणजे नवीन सूर्य आणणं नव्हे, मधला अडथळा काढणं. माझ्या बाबतीत अडथळा पंधरा इंचांचा होता आणि मी त्याचे हप्ते भरत होतो.

पण एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. लॅपटॉपचा दाखला इथंच संपतो. फीचर माझ्या सोयीसाठी असतं, हवं तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. देव म्हणजे शॉर्टकट नव्हे. तो सगळ्यांच्या हृदयात आहे, असं श्लोक म्हणतो, फक्त माझ्या नाही. मी डोळे मिटून माझ्या हृदयातला देव शोधत असताना मागच्या खुर्चीतल्या हृदयातला देव अंदाजानं पानं उलटत होता. श्लोकातला "सगळ्यांच्या" हा शब्द मी इतकी वर्षं गाळूनच म्हणत होतो.

आणि विसर? तोही त्याच्यामुळंच, म्हणजे मी सुटलो का? नाही. मला जे समजलं ते असं : आपण विसरलो होतो, हे ज्या उजेडात कळतं तो उजेडही त्याचाच. टोचणी लागली, म्हणजे आतलं कुणीतरी जागं आहे. त्या टोचणीचं काय करायचं, ते मात्र आपल्यावर. ती कॉपीची यादी आठवा. ती चालू केल्यापासूनचंच साठवते, मागचं परत देत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की पुसलीही जाते, फक्त पिन केलेलं तेवढं राहतं. आबांची नजर परत यायची नाही. माझं गेलेलं वर्षही नाही. चालू केलं तिथूनच मोजायचं.

आता रोज सकाळी साडेसहाला लॅपटॉप आबांच्या टेबलावर असतो. पडद्यावर ज्ञानेश्वरी, अक्षरं बोटाएवढी. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला हा ग्रंथ सांगितला. पुढं नाथमहाराजांनी त्याची प्रत शुद्ध केली, म्हणून तो आपल्यापर्यंत नीट आला. कुणीतरी पुढच्यासाठी अक्षर नीट करून ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी सेवा आहे. मी फक्त ते मोठं करतो. आबा वाचतात, मी शेजारी बसतो. काल एके ठिकाणी ते अडले, मी सांगायला गेलो, तर म्हणाले, "थांब. दिसतंय मला."

आजचा अभ्यास : घरातल्या वयस्कर माणसाजवळ दहा मिनिटं बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. "बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. पेपरमधली एक बातमी वाचून दाखवायला सांगा. अडखळले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि मग पंधरावा अध्याय म्हणा, पंधराव्या श्लोकावर जरा थांबून.

राम कृष्ण हरी.