ट्रेखालची काळी रेघ

गुडघा बदलल्यानंतरची एक्स-रे फिल्म खिडकीच्या उजेडात धरा. घाई नको. आधी नुसते पाहा.

धातू पांढराशुभ्र दिसेल, कारण किरण त्यातून जवळजवळ जातच नाहीत. हाड राखट. नडगीच्या हाडावर बसवलेल्या ट्रेच्या खाली, कडेशी, एक बारीक काळी रेघ आहे. छातीत धस्स झाले? होऊ द्या. एक श्वास सावकाश सोडा, पण नजर तिथून हलवू नका.

हा सांधा सिमेंट न लावता बसवलेला आहे. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होते. इथे ट्रेला पहिल्या दिवसापासून धरून ठेवतात ते त्याचे खुंट आणि ठोकून केलेली घट्ट बसवणूक. ट्रेची खालची बाजू सच्छिद्र असते आणि त्या छिद्रांत हाडाने स्वतः शिरायचे असते. करवत कितीही सफाईने चालवली तरी कापलेले हाड आरशासारखे सपाट होत नाही; ट्रे कुठे टेकतो, कुठे अधांतरी राहतो. तुम्ही पाहताय ती रेघ अशी अधांतरी जागा असू शकते. पुढच्या काही महिन्यांत हाड ती बरेचदा भरून काढते.

इथे थोडे थांबा. हाड भरून येईल की नाही, हे फार लहान हालचालीवर ठरते. पिलियार आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांवरून हे मांडले: ट्रेसारखा सच्छिद्र भाग सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत हलला तरी हाड आत शिरते, पण हालचाल १५० मायक्रॉन किंवा जास्त झाली, तर तिथे हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होते. १५० मायक्रॉन म्हणजे दोन केसांची जाडी, फार तर. पाऊल टाकताना एवढ्याशा जागेत काय चालले असेल, ते मनात आणून पाहा.

आता तीच फिल्म थोडी संशयाने बघा. किरण ट्रेला समांतर गेले नाहीत, दोन-चार अंशांनी तिरपे गेले, तर असलेली फट झाकली जाते. रेघ दिसली नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. रिपोर्टात नुसते ‘फट दिसते’ लिहून मोकळे होणे मला अर्धवट काम वाटते. कुठे, किती लांब, आधी किती होती, हे नको का सांगायला?

म्हणून जुन्या फिल्म काढा आणि तारखेने ओळीत मांडा. एकेकीवर सावकाश नजर फिरवा. रेघ आखूड आहे, दोन मिलिमीटरच्या आत आहे, कडेला पांढरी बारीक किनार आहे आणि वर्ष उलटूनही जशीच्या तशी आहे? बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. रुंदावतेय, ट्रेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलीय, ट्रे कलतोय, आणि खुर्चीतून उठून टाकलेले पहिले पाऊल दुखतेय? मग सर्जनला लवकर भेटा, आणि शस्त्रक्रियेनंतरची अगदी पहिली फिल्मही सोबत न्या.