संदर्भांच्या आकड्यापलीकडे

शोधनियतकालिकांचे मोल मोजण्याची कल्पना निघाली ती ग्रंथालयाच्या खरेदीतून. छोट्या कॉलेजने मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवण्यासाठी कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांनी १९२७ साली एका आघाडीच्या नियतकालिकाच्या वर्षभरातील लेखांचे संदर्भ मोजले. ज्याचा उल्लेख जास्त, ते आधी घ्यावे. त्या प्रश्नाला ते उत्तर पुरेसे होते.

साठच्या दशकात यूजीन गारफिल्ड आणि अर्व्हिंग शेर यांनी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आणला. मागच्या दोन वर्षांतील लेखांना यंदा मिळालेले संदर्भ भागिले त्या लेखांची संख्या, असे हे गणित. गारफिल्ड यांच्या संदर्भसूचीत कोणती नियतकालिके घ्यायची, यासाठी ते होते. पुढे त्यावरून माणसे जोखली जाऊ लागली आणि घोटाळा झाला. बहुतेक संदर्भ थोड्याच लेखांच्या वाट्याला येतात. मग नियतकालिकाची सरासरी एकेका लेखाविषयी काय सांगणार? पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये हा आक्षेप नेमका मांडला.

संदर्भ कशासाठी दिला, हेही आकड्याला कळत नाही. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला, तो खोडून काढणाऱ्यांच्या लेखांनीही त्याचे संदर्भ वाढवलेच. त्याच ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील अभ्यास आला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. २०११मध्ये ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. या भेटींची नोंद कोणत्याही संदर्भसूचीत होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१०मध्ये जेसन प्रीम आणि सहकाऱ्यांनी ‘अल्टमेट्रिक्स’चा जाहीरनामा काढला. डाउनलोड, बातम्या, समाजमाध्यमांवरची चर्चा यांची मोजदाद सुरू झाली. दृष्टी रुंदावली, पण गाजणे म्हणजे उपयोगी पडणे नव्हे. अधिक विचारी पाऊल ब्रिटनने टाकले. तिथल्या विद्यापीठांच्या २०१४च्या मूल्यमापनात २० टक्के वजन विद्यापीठाबाहेरील परिणामाला मिळाले. तो परिणाम पुराव्यानिशी लिहून द्यायचा आणि जाणकारांनी तो वाचायचा, अशी रीत ठरली. २०२१मध्ये हे वजन २५ टक्के झाले.

आपल्याकडे प्रकाशनांच्या गुणांवर बढत्या ठरू लागल्या आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. त्यांना आवर घालण्यासाठी २०१९मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आली; पुणे विद्यापीठाचा तिच्यात मोठा वाटा होता. २०२५मध्ये ती बंद झाली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आली. ती दुसऱ्या एखाद्या आकड्यावर ढकलू नये. निवड समितीने उमेदवाराचा निदान एक लेख पूर्ण वाचावा आणि तो कोणाच्या कामी आला, याचा पुरावा मागावा.