बापाचे पाप, पोराचे यंत्र

पुण्याच्या हाजिक काझी या 12 वर्षांच्या मुलाने समुद्रातला कचरा गोळा करणाऱ्या जहाजाचा आराखडा केल्याची बातमी 2019 च्या जानेवारीत देशभर झळकली. जहाजाचे नाव ‘एर्विस’. पाण्यावर तरंगणाऱ्या बशांसारख्या तबकड्या अभिकेंद्री बलाने कचरा ओढून घेतील, आत पाणी, जलचर आणि कचरा वेगळे होतील, पाणी नि जीव समुद्रात परत जातील आणि उरलेल्या प्लॅस्टिकची पाच भागांत वर्गवारी होईल, अशी ती कल्पना. त्याच्याआधी नेदरलँड्सच्या बोयान स्लाटने 2013 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘द ओशन क्लीनअप’ ही संस्था उभी केली होती. अशा मुलांचे आपण तोंडभरून कौतुक करतो आणि ते करायलाच हवे. मात्र त्या कौतुकात सुटकेचा एक सुस्काराही मिसळलेला असतो: चला, आम्ही केलेली घाण निस्तरणारे कोणीतरी जन्माला आले. धर्माच्या दृष्टीने खरा प्रश्न इथेच उभा राहतो. बापाचे पाप पोराच्या यंत्राने फिटते का?

बीड जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्याचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण इथल्या ओढ्यांचे पाणी सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. टरबुजाचे पीक निघाल्यावर वावरात फाटून राहिलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर पाहावा. हाताने ओढला की त्याच्या चिंध्या होतात, निम्मा मातीतच राहतो, हाती आलेला बांधावर पेटवला जातो आणि उरलेल्या तुकड्यांना पहिल्या मोठ्या पावसात ओढा सापडतो. म्हणजे एर्विस उद्या खरोखर समुद्रात उतरले, तर त्याच्या तबकड्यांत येणारा एखादा तुकडा इथल्या बालाघाट डोंगराच्या कुशीतला असू शकतो.

आपल्या परंपरेने ऋण आणि पाप यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला आहे. ऋण दुसऱ्याला फेडता येते. बापाचे कर्ज मुलाने, नातवाने फेडावे, असे धर्मशास्त्र सांगते. पापाचे तसे नाही. प्रायश्चित्ताला कृतीइतकाच पश्चात्ताप लागतो आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय लागतो. ही दोन्ही कर्त्याच्या मनात घडायची असतात, ती मुलावर सोपवता येत नाहीत. त्यामुळे हाजिकसारखा मुलगा समुद्र साफ करायला निघतो तेव्हा तो फार तर आपणा मोठ्यांचे ऋण फेडत असतो. पाप आपल्या खात्यावर जसेच्या तसे राहते.

यावर पहिला आक्षेप असा की हे नुसते कीस काढणे झाले. समुद्र स्वच्छ होण्याशी मतलब, पुण्य कोणाच्या नावावर जमा होते याच्याशी काय देणेघेणे? पण पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, हे व्यवहारही सांगतो. प्यू या संस्थेच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे वर्षाला सुमारे 1.1 कोटी टन प्लॅस्टिक समुद्रात जाते आणि रीत बदलली नाही तर 2040 पर्यंत हा आकडा जवळजवळ तिप्पट होईल. खुद्द स्लाटच्या संस्थेलाही भर समुद्राबरोबर नद्यांकडे वळावे लागले; 2019 मध्ये तिने नदीतच कचरा अडवणारी यंत्रे पुढे आणली. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही, हे यंत्र करणाऱ्यालाच आधी कळले. नळ बंद करणे म्हणजेच तो ‘पुन्हा नाही’ हा निश्चय.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जिथे शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीवरची ताडपत्री यांवर संसार टिकतो, तिथे प्लॅस्टिकला पाप म्हणणे ही पोट भरलेल्यांची चैन नाही का? याचे उत्तर याज्ञवल्क्यस्मृतीत सापडते. बापाने दारू किंवा जुगारापायी केलेले कर्ज मुलाने फेडू नये, असे ती सांगते. कुटुंबाच्या गरजेचे कर्ज वेगळे आणि व्यसनाचे वेगळे. शेततळ्याचा कागद गरजेचा आहे. तो पुढच्या पिढीवर टाकलेला भार असला तरी त्याला निमित्त आहे. जुना झाल्यावर तो परत घेण्याचा भार बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकता येतो. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकाच्या जबाबदारीचे तत्त्व आहेच. लग्नाच्या मांडवात अर्धी पिऊन टाकलेली बाटली मात्र व्यसनाच्या कर्जात मोडते. ते कर्ज मुलावर टाकण्याचा हक्क बापाला परंपरेनेही दिलेला नाही.

तिसरी शंका धंद्याची. पोराने यातून पैसा कमावला तर सेवेला बट्टा लागतो का? चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान आहे, तेव्हा कमाईत काही वावगे नाही. धोका एवढाच की ज्याचा धंदा कचऱ्यावर चालतो, त्याला कचरा संपणे परवडत नाही. आपला धंदा एक दिवस बंद पडावा, अशी ज्या उद्योजकाची इच्छा असेल, त्याचेच ध्येय खरे मानावे.

लहानाने मोठ्याला शहाणे करणे आपल्याकडे नवे नाही. आष्टी तालुक्यातल्या सावरगाव-मायंबा इथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, आणि नवनाथांच्या कथेत याच परिसरातला गर्भगिरी येतो. मच्छिंद्रनाथांच्या झोळीतली सोन्याची वीट त्यांच्या शिष्याने, गोरक्षाने, फेकून दिली आणि गुरू कष्टी झाले, तेव्हा त्याने अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवला. ते सोने उचलून मच्छिंद्रनाथ चालते झाले असते, तर शिष्याची सगळी विद्या गुरूच्या लोभाच्या सेवेला लागली असती. मोह सोडणे हे काम गुरूचेच होते. शिष्याने त्यांना त्या जागेपर्यंत आणून सोडले. आज मात्र आपल्याला वीटही हवी आहे आणि डोंगरही.

म्हणून या मुलांना शाबासकी द्यावी, भांडवल द्यावे, शाळेत प्रयोगशाळा द्यावी. त्यांच्या सत्काराच्या मांडवात पाण्याच्या बाटल्या मात्र वाटू नयेत.