आनुवंशिक दुखणे आणि विवाहाचे वचन

शास्त्रपाठ : योहान ९:१–७, गलती ६:१–५

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रथम पाप कोणाचे हेच विचारिले. प्रभूने त्या प्रश्नाचे मूळच उपटून टाकिले आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांस हात लाविला.

कित्येक कुळांत एक दुखणे पिढ्यान् पिढ्या उतरते. कर्त्या वयात चाल झोके खाऊ लागते, जीभ जड होते, डोळ्यांची हालचाल मंदावते. मुंबईचे डॉक्टर नोशिर वाडिया ह्यांनी आपले सहकारी स्वामी ह्यांजबरोबर सन १९७१ मध्ये अशा नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. आईस किंवा बापास हे दुखणे असल्यास प्रत्येक लेकरास, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याचे बीज मिळण्याचा संभव निम्मा असतो. हा शाप नव्हे, करणी नव्हे, सुनेचा पायगुण नव्हे, स्पर्शाने लागणारा रोगही नव्हे.

तरी झोकांड्या खाणाऱ्या बांधवास मद्यपी समजून प्रभुभोजनापासून दूर बसविणे किती सोपे! मग त्याची पत्नी दोन भार वाहते : नवऱ्याचा देह आणि मंडळीची जीभ. देह ती प्रीतीने उचलते. जिभेचा भार आपण घातला, तो आपणच काढावा. आणि बायको आजारी पडताच तिला माहेरी धाडणाऱ्या पतीने आपले वेदीपुढील वचन आठवावे. त्या वचनास मंडळी साक्षी होती. साक्षीदाराचे काम लग्नाचे जेवण जेवून संपत नाही.

तस्मात् उपदेशकांनी अशा घरी जावे. वाटेतला उंबरा काढावा, भिंतीस धरावयास बांबू बांधावा. रोग्यास ताठ बसवून लहान घास सावकाश द्यावा, कारण गिळणे बिघडल्यास अन्न श्वासनळीत जाते. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्याने जागावे, म्हणजे सेवा करणाऱ्यास झोप मिळेल. पुणे शहरी ससून रुग्णालयात नेताना सोबत द्यावी. रोग समूळ घालविणारे औषध अद्यापि नाही; व्यायामाने व योग्य सल्ल्याने दिवस सुसह्य होतात. हमी देणाऱ्या भोंदूंसाठी मंगळसूत्र विकू नये. रक्ताची परीक्षा करावी की नाही, हे सज्ञान लेकराने स्वतः ठरवावे. परंतु लग्न जुळविताना दुखणे लपविणे हे असत्यच होय.

प्रभूने त्या आंधळ्यास दृष्टी दिली. ते सामर्थ्य आपणांस नाही. परंतु दृष्टी देण्यापूर्वी त्याने मातीत हात घातले. तेवढे तर आपणांसही करता येते. आमेन.