जुन्या घराच्या उबेवर हक्क कोणाचा?

इंग्लंड आणि वेल्सच्या खेड्यांत दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची दगडाविटांची छोटी घरे आजही राहती आहेत. त्यांतल्या पुष्कळ घरांपर्यंत गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही. तेल आणि कोळसा सोडायचा ठरवला की हाताशी उरते ती वीज, आणि ब्रिटनमध्ये विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग पडते. अशा घरात कोणता हीटर आणि कोणता गिझर बसवावा हा वरवर दुकानातला प्रश्न. मात्र त्यात तिघांचे दावे गुंतलेले असतात. थंडीत कुडकुडणारा रहिवासी, कित्येक पिढ्या टिकलेली वास्तू आणि अजून न जन्मलेली माणसे यांना एकाच वेळी संतुष्ट करता येत नाही. मग आधी कोणाचे ऐकायचे, हे ठरवणे नीतिशास्त्राकडे येते.

रहिवाशाचा दावा ऊब ही गरज आहे यावर उभा आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच गरजेची व्याख्या रुंद केली होती. जिवंत राहण्यापुरते लागते तेवढेच नव्हे, तर जे नसले तर समाजात मान खाली घालावी लागते तेही त्याने गरजेत धरले. अमर्त्य सेन यांनी हाच विचार पुढे नेला. माणसाकडे किती पैसा आहे यापेक्षा त्या पैशातून त्याला काय करता येते हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. जुने घर हे त्याचे चपखल उदाहरण ठरते. तेवढ्याच पेन्शनवर नव्या फ्लॅटमधली म्हातारी उबेत बसते आणि दगडी घरातली अंथरुणातून बाहेर यायला धजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानात घरात किमान १८ अंश सेल्सियस तापमान असावे अशी शिफारस केली. त्याआधी, १९९१ मध्ये, संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी इंधन-दारिद्र्याची कसोटी मांडली होती. घर पुरेसे उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागत असेल, तर ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत गरीब. इथे खर्च धरायचा तो करायला हवा असलेला, प्रत्यक्ष केलेला नव्हे. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण जो हीटर लावतच नाही त्याचे बिल कमीच येते.

वास्तूची बाजू कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये मांडली. त्याच्या मते जुन्या इमारती आजच्या माणसांच्या मालकीच्या नसतातच. त्या बांधणाऱ्यांच्या आणि पुढे येणाऱ्यांच्या असतात. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच धारणेतून. इंग्लंडमध्ये संरक्षित यादीतल्या घरात परवानगीशिवाय फेरफार करणे आज गुन्हा आहे. मात्र मॉरिसचा राग जुन्याचा खोटा देखावा उभारणाऱ्यांवर होता. इमारत वापरात राहावी आणि तिची रोजची निगा राखली जावी, हेच तो सांगत होता. भिंतीचे रूप बिघडेल म्हणून आत राहणाऱ्याने गारठून बसावे, असा अर्थ त्यातून काढणे हा अतिरेक झाला. शिवाय रिकामे, न तापवलेले घर ओलीने लवकर खचते, त्यामुळे या दोन दाव्यांतला विरोध वाटतो तेवढा खरा नाही.

विरोध जिथे खरा आहे तिथे तो भिंतीत आहे. या भिंती भरीव असतात. त्या चुन्यात बांधलेल्या असल्याने ओल शोषतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि तुळया कुजतात. ओली भिंत उष्णताही जास्त गमावते. म्हणून पहिला खर्च यंत्रावर न करता गळके पन्हाळे, सिमेंटचा गिलावा, खिडक्यांच्या फटी आणि उघडा माळा यांवर करणे योग्य.

हीटर निवडताना भौतिकशास्त्र एक गोष्ट निर्विवाद सांगते. साधा विजेचा हीटर, मग तो कितीही महागडा असो, एका युनिट विजेची एक युनिटच उष्णता देतो. त्याहून अधिक देण्याची जाहिरात करणारा फसवतो. स्टोरेज हीटर रात्रीच्या स्वस्त विजेने आतल्या विटा तापवून दिवसा ऊब देतो. वीज तेवढीच लागते, दर मात्र उतरतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो आणि एका युनिटमागे सुमारे तीन युनिट देतो, पण पाणी मंद तापवून मोठ्या रेडिएटरमधून फिरवले तरच. आंघोळीच्या पाण्याचे गणितही असेच. शंभर लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला टाकीतल्या साध्या हीटरला जवळपास ६ युनिटे लागतात, हीट पंपाला त्याच्या निम्म्याहून कमी. लिजिओनेला जंतू वाढू नयेत म्हणून साठवलेले पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यामुळे एकट्या माणसाच्या घरात टाकी न ठेवता लगेच पाणी तापवणारा विजेचा शॉवर पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो.

परवडण्याचा प्रश्न इथे न्यायाचा होतो. हीट पंपासाठी इंग्लंड-वेल्समध्ये २०२३ पासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते. मात्र उरलेली रक्कम घालण्याची ऐपत ज्याला आहे त्यालाच ते उपयोगी पडते. भाड्याच्या घरात यंत्र मालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो, म्हणून तिथे सर्वांत स्वस्त आणि चालवायला सर्वांत महाग असा पॅनल हीटर भिंतीवर येतो. रस्किनचे म्हणणे खरे मानले आणि ही घरे पुढच्या पिढ्यांची ठेव असली, तर ती सांभाळण्याचा सगळा भार आज आत राहणाऱ्या एका माणसावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा रास्त ठरते की जे बसवायचे ते भिंत न फोडता बसवावे आणि उद्या काढता यावे.

करव्यवस्था मात्र नेमके उलटे वागते. ब्रिटनमध्ये नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य आहे. हीट पंप आणि इन्सुलेशनवर २०२२ पासून पाच वर्षांसाठी तो शून्य केला आहे. संरक्षित घरांतल्या मंजूर फेरफारांना असलेली सूट २०१२ मध्ये काढून घेतली गेली, आणि चुन्याचा गिलावा दुरुस्त करणाऱ्याला, म्हणजे खरी पहिली पायरी चढणाऱ्याला, २० टक्के भरावे लागतात.