रिपोर्टातली शेवटून दुसरी ओळ

नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांतल्या एका गावातलं हे कुटुंब. सिडकोनं दिलेल्या प्लॉटवर करंजाड्यात त्यांनी तीन मजल्यांचं घर बांधलं. खालचे दोन मजले भाड्यानं दिले, वरच्या मजल्यावर स्वतः राहिले. आई, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. नावांची इथे गरज नाही, नाती पुरतील. थोरली सून एकेचाळीस वर्षांची, दहावीनंतर दोन-तीन वर्षांतच लग्न होऊन आलेली. धाकटी सव्वीसची, बी. कॉम., बाळंतपणाआधी कंटेनर यार्डाच्या ऑफिसात बिलिंग बघायची.

दोघी जावांचं छान जमायचं, हे आधीच सांगितलं पाहिजे. पुढे जे झालं ते वैरातून झालं नाही, मायेतूनच झालं. धाकटीची लेक वर्षाची झाली, अंगावरचं दूध तुटलं, तेव्हा थोरलीनंच तिला एका दुपारी गच्चीवर गाठलं.

"लगेच दुसरं नको ना गो तुला?"

धाकटीनं मान हलवली.

"मग भाऊजींना सांगून मेडिकलमधून गोळ्या मागव. पहिल्यानंतर मी तीन वर्षं त्याच खाल्ल्या. काय झालं मला? डॉक्टरकडे जाऊन कशाला गावभर करायचं?"

गोळ्यांचं पाकीट धाकटीच्या नवऱ्यानं आणलं. दुकानदारानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. तापाची गोळी कुणी अशी गुंडाळून देत नाही. जी वस्तू लपवून हातात येते, तिच्याबद्दल काही विचारायचं नसतं, हे त्या कागदानंच ठरवून टाकलेलं असतं. रक्तदाब किती, डोकं दुखतं का, घरात कुणाला अर्धांगवायू झालाय का, यातलं एक अक्षर दुकानात कुणी विचारलं नाही. तिथे तशी रीतच नाही.

तिसऱ्या पाकिटाच्या सुमारास धाकटीचं डोकं दुखायला लागलं. तसं ते कॉलेजपासून अधूनमधून दुखायचं, पण आता आठ-पंधरा दिवसांनी उठायचं. आधी डोळ्यांच्या कडेला चमकणाऱ्या, करवतीच्या दात्यांसारख्या रेघा दिसायच्या. मोबाइलवरचे अर्धे शब्द गायब व्हायचे. वीसेक मिनिटांनी रेघा जायच्या आणि मग अर्धं डोकं ठणकायचं. सासूबाई म्हणाल्या, चष्मा लागला असेल. पनवेलला जाऊन डोळे तपासले, नंबर शून्य निघाला. मग एका सकाळी भाकरी थापताना उजव्या हाताची बोटं बधिर झाली. थोड्या वेळात ती पुन्हा ठीक झाली, पण धाकटी घाबरली. नवऱ्याला फोन करून सांगितलं आणि लेकीला थोरलीकडे सोपवून ती वसाहतीतल्याच एका लेडी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. सासूबाई सोबत निघाल्या. एकटी सून दवाखान्यात गेली तर लोक काय म्हणतील, हीच त्यांची काळजी.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती ही: सासूबाईंना अगदी आदरानं सांगितलं, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा. मी पेशंटशी एकटीशी बोलते." दार लावून घेतलं. मग प्रश्न सुरू केले. शेवटची पाळी कधी आली? बाळंतपण कसं झालं? आणखी मूल हवंय का, केव्हा? हे तुम्हाला हवंय की घरच्यांना? सध्या काय वापरता? गोळ्या कुणी लिहून दिल्या? डोकं एका बाजूनं दुखतं का? आधी काही दिसतं का? हात-पाय कधी बधिर झालेत? प्रत्येक उत्तर त्या लिहून घेत होत्या. रक्तदाब मोजला, तो ठीक होता. पंधरा मिनिटं झाली तरी औषधाचा कागद पुढे ओढला नव्हता. धाकटीला आधी वाटलं, या बाईंना काही कळत नाही की काय. हळूहळू तिच्या लक्षात आलं की एवढं नीट आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी रेघांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "ही गोळी आजपासून बंद." मग समजावून सांगितलं. या गोळीत दोन हार्मोन्स असतात, त्यातलं एक इस्ट्रोजेन. त्यानं रक्तात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. ज्या बायकांना अर्धशिशीच्या आधी अशा रेघा दिसतात, त्यांना मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच इतरांपेक्षा जरा जास्त असतो. दोन्ही एकत्र आले की तो आणखी वाढतो. बहुतेक निरोगी बायकांना ही गोळी चालते, तिला चालणारी नव्हती. "जाऊबाईंना सोसली म्हणून तुम्हाला सोसेल असं नाही. चष्मा नंबर तपासूनच घालतात ना?" बोटं बधिर झाली होती म्हणून मेंदूच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठीही दिली.

पुढची पाच-दहा मिनिटं पर्यायांची झाली. निरोध. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी, जी सरकारी दवाखान्यात 'छाया' नावानं मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. तांबी, म्हणजे कॉपर-टी, जिच्यात हार्मोन नसतं. तिचा एक प्रकार दहा वर्षं चालतो आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदीही त्यांनी सांगितली, पण तुम्हाला दुसरं मूल हवंय म्हणून ती आत्ता नको, असंही म्हणाल्या. आणि हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होतं, हे खाजगी डॉक्टर असून त्यांनी आपणहून सांगितलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

धाकटी घरी आली ती तांबीचा विचार करत. रात्री भांडी घासताना तिनं थोरलीला सहज विचारलं, "ताई, दुसऱ्यानंतर तुम्ही काय केलं होतं?"

थोरलीचा हात थांबला. "बाळंतपणातच काहीतरी बसवलं होतं हॉस्पिटलात. कार्ड दिलं होतं, ते घर हलवताना गेलं. बारा वर्षं झाली. पडून गेलं असेल आता."

मग ती रडायला लागली.

दीड वर्षापासून तिला दहा-दहा, बारा-बारा दिवस अंगावरून जात होतं. रक्ताच्या गाठी पडायच्या. जिना चढताना धाप लागायची. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. दर भाद्रपदात गौरी बसायच्या आधी ती मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायची, कारण थोरल्या सुनेनं गौरीच्या दिवशी बाजूला बसायचं म्हणजे घरात बोलणं व्हायचं. यंदा गोळ्या घेऊनही थांबलं नाही, तेव्हा नवरा तिला एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात घेऊन गेला. सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि दोनच गोष्टी विचारल्या: वय किती, मुलं किती. "दोन झालीत ना? मग पिशवीचं आता काय काम? ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. काढून टाकू." ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची होती. पैशांसाठी तिच्या नवऱ्यानं घरच्या एका मालवाहू ट्रेलरसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवातही केली होती.

पिशवीचं काय काम, हे वाक्य महाराष्ट्रात फार बायकांनी ऐकलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम दंड कापायचा, आणि अंगावरून जातं म्हणून गेलेल्या बाईला काही खाजगी डॉक्टर थेट ऑपरेशन सांगायचे. २०१९ साली हे विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कितीतरी बाया चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, आणि उरलेलं आयुष्य त्यातच जातं. काही दुखण्यांत पिशवी काढावीच लागते, ते खरं. पण ती शेवटची पायरी, पहिली नव्हे.

थोरलीनं दीड वर्ष तोंड का मिटलं, याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधायला नको. या विषयावर प्रश्न विचारायलाच आपल्याकडे बंदी होती. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पत्नी मालतीबाईंनी त्यांना साथ दिली. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं, त्यात लोक पत्रं लिहून मनातलं विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. ज्या समाजात उत्तर देणाऱ्याला दंड होतो, तिथे विचारणारी बाई गप्पच बसणार.

धाकटीनं हात पुसले आणि थोरलीची फाइल मागितली. सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत होता. आकडे, मापं, पिशवीचं अस्तर जाड झाल्याचा उल्लेख. शेवटून दुसऱ्या ओळीत तीनच शब्द होते: आययूसीडी इन सिटू. तिनं मोबाइलवर अर्थ पाहिला. तांबी जागेवर आहे.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा त्याच लेडी डॉक्टरांकडे गेल्या. सासूबाई याही वेळी आल्या, याही वेळी बाहेर बसल्या. आत पुन्हा तेच झालं: आधी प्रश्न, खूप प्रश्न. कधीपासून जातंय, किती कपडे भिजतात, गोळ्या कोणत्या घेतल्या, मधल्या दिवसांत जातं का, संबंधानंतर जातं का, आईला-मावशीला कॅन्सर होता का. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.२ निघालं. तांबीची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. तांबीनं रक्तस्राव वाढू शकतो, मेडिकलच्या गोळ्यांनी चक्र बिघडू शकतं, आणि या वयात दुसरंही काही असू शकतं, म्हणून काहीच गृहीत धरायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तांबी काढली. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी केली. दोन्ही रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी आले, कॅन्सर नव्हता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग पुन्हा पर्याय. थोरलीला अजून दिवस राहू शकत होते, म्हणून काहीतरी हवंच होतं. डॉक्टरांनी हार्मोनच्या तांबीबद्दल सांगितलं. ती दिवस राहू देत नाही आणि अंगावरून जाणंही बरंच कमी करते, मात्र पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात. "घरी जा, विचार करा, मग सांगा," म्हणाल्या. थोरलीनं पंधरा दिवस घेतले. सव्वीस वर्षांच्या जावेला ती रोज एक नवी शंका विचारायची आणि धाकटी ती कागदावर लिहून ठेवायची. तो कागद घेऊनच ती गेली, सगळ्या शंका विचारल्या आणि हार्मोनची तांबी बसवून घेतली. त्याच आठवड्यात धाकटीनं साधी तांबी बसवली. एकीच्या अंगातून जी काढावी लागली, तीच दुसरीला योग्य ठरली. धाकटीनं तांबीचं कार्ड लेकीच्या लसीकरणाच्या फाइलीत लावलं, म्हणजे हरवायचं नाही.

चार महिन्यांनी थोरलीचं हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेलं. ऑपरेशनची तारीख तिनं स्वतः फोन करून रद्द केली. ट्रेलर विकावा लागला नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. थोरलीला हार्मोनची तांबी बसवली त्या दिवशी त्या बाहेर बाकावर बसून होत्या. धाकटीनं विचारलं, "आई, तुम्हाला दर वेळी बाहेर बसवतात, राग नाही ना आला?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिसऱ्या बाळंतपणानंतर गावात शिबिर लागलं होतं. टेम्पोत बसवून नेलं, ऑपरेशन केलं, संध्याकाळी घरी आणून सोडलं. "मना कोनी इचारलाच नाय गो," त्या म्हणाल्या. "तुमना इचारतान, बरा हाय."

संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा थोरलीनं सवयीनं विचारलं होतं, "ह्यांना बोलवू का सहीला?" डॉक्टरांनी पेन तिच्याच हातात दिलं. तांबी बसवायला किंवा काढायला नवऱ्याची सही लागत नाही, बाईच्या नसबंदीलाही लागत नाही. गर्भपातासाठीही १९७१ च्या कायद्यानं सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. तरीही अनेक दवाखान्यांत नवऱ्याला बोलवा म्हणतात. तुम्हाला तसं म्हटलं, तर कोणत्या कायद्यात लिहिलंय ते दाखवा, असं शांतपणे म्हणा.